श्वासनळीतलं कीर्तन

दत्तजयंतीच्या तोंडावर माझ्या नवऱ्याच्या श्वासनळीत कीर्तन उभं राहिलं, आणि गादीवर मी नव्हते.

मला ते पहिल्यांदा ऐकू आलं तेव्हा मी त्यांच्या छातीला कापराचं तेल चोळत होते. श्वास आत घेताना शीळ वाजत होती. थंडी बाधली असेल म्हणून मी बरगडीवर कान टेकवला. आत कोणीतरी तबला लावत होतं. हातोडीचे ठोके, मग झांजेचा एक आघात, आणि मग एका बाईने नमन धरलं. काळी पाचमध्ये.

पेटीतलं ज्यांना कळत नाही त्यांच्यासाठी सांगते. काळी पाच ही बायकांच्या गळ्याची चढी पट्टी. तरुणपणी मी तिच्यातच गायचे. पुढे काळी चारवर उतरले आणि अलीकडे पांढरी पाचवर भागवते. देवाला सगळ्या पट्ट्या सारख्याच, असं मी श्रोत्यांना सांगत असते.

मी कीर्तनकार आहे. पत्रिकेवर ह. भ. प. कुमुदिनी टेंगशे असं छापतात, गावात सगळे कुमुदताई म्हणतात. कृष्णाकाठच्या बहुतेक देवळांत मी नारदाच्या गादीवर उभी राहिले आहे, आणि माझ्या मागे पेटीवर कायम हेच, दिगंबर टेंगशे. मला बघायला आले तेव्हा यांनी माझी पत्रिका मागितली नाही, पट्टी विचारली. मी काळी पाच म्हटल्यावर चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "मग जमेल."

"आत कोण आहे?" मी कान तसाच ठेवून विचारलं.

"हळू बोल," ते म्हणाले. "पूर्वरंग चाललाय."

त्यांचा उजवा हात गोधडीवर होता. बोटं हलत होती. मी त्या बोटांकडे पाहिलं आणि मला कळलं की हे तिला साथ देतायत.

---

मिरजेच्या हॉस्पिटलात डॉक्टर मोमीन यांनी उजेडाच्या काचेवर फोटो लावला. याच हॉस्पिटलात मागे यांचं उजवं मूत्रपिंड काढलं होतं, गाठीसकट. डॉक्टर मोमीन तरुण आहेत, केसांचा घट्ट अंबाडा घालतात. त्यांचे आजोबा तंबोऱ्याचे भोपळे कोरायचे.

"काकू, ही मोठी श्वासनळी," त्या म्हणाल्या. "इथून दोन फाटे फुटतात. फाट्याच्या जरा वर ही माणसं बसली आहेत."

फोटोत माणसं दिसत होती. दाटीने, मांडी घालून, गुडघ्याला गुडघा लावून बसलेली. बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला.

"ही फुप्फुसातली नाहीत," डॉक्टर म्हणाल्या. "किडनीतली आहेत."

"कशावरून?"

"बसायच्या पद्धतीवरून. माणूस राहायला कुठेही जाऊ दे, बसतो आपल्या गावच्यासारखाच. तुकडा काढून बघितलाय मी. शंका नाही."

"पण किडनी तर काढलीत तुम्ही."

"गाव उठवलं, खरं आहे. पण त्याआधीच काही जण निघाले होते. रक्तातून येतात, कुठेही उतरतात. काकांच्या श्वासनळीत कीर्तन ऐकू आलं, बसले. एकाने दुसऱ्याला सांगितलं."

"मग उठवा की त्यांना."

"आरतीआधी?"

कीर्तनातून आरतीआधी कोणी उठायचं नाही, हे माझंच वाक्य. प्रत्येक कीर्तनाच्या सुरुवातीला मी ते बजावते. एकदा एक म्हातारे गृहस्थ लघवीला उठले, तर मी झांज थांबवून त्यांच्याकडे बघत राहिले होते. बिचारे परत बसले.

"आणि आरती होईपर्यंत यांना दम पुरायचा नाही," डॉक्टर म्हणाल्या. "करंगळी जाईल एवढी वाट राहिली आहे. भूल देऊन दुर्बीण घालते. मधल्या रांगेतले जेवढे गोठवून उचलता येतील तेवढे उचलते, काठाचे शेकते, आणि मध्ये सिलिकॉनची नळी बसवते. तिच्यातून वारा ये-जा करेल."

"कीर्तन बंद पडेल?"

मी आवाजात काळजी आणायचा प्रयत्न केला.

"नाही. नळीच्या बाहेरून चालूच राहील. काकू, स्पष्ट सांगते. मी त्यांना बरं करत नाही. मी वाट करते."

हे शेजारी खुर्चीवर बसले होते, पण आमचं ऐकत नव्हते. त्यांचं लक्ष आत होतं. मधूनच मान डोलवून "वा" म्हणाले. इतक्या वर्षांत मला गादीवर असताना मागून कधी "वा" ऐकू आलं नव्हतं.

---

वॉर्डात त्यांची खाट शेवटची होती आणि तिथवर जायला एक बोळ होता. भरती केलं तेव्हा त्या बोळातून स्ट्रेचर आरामात गेलं. दुसऱ्या सकाळी मी डबा घेऊन आले तर बोळाच्या दोन्ही कडांना माणसं बसलेली आणि भिंती आत सरकलेल्या. त्याच्या पुढच्या खेपेला मला डबा डोक्यावर धरून आडवं चालावं लागलं.

वॉर्डातल्या मावशी, अक्काताई, बोळाच्या तोंडाशी चटया अंथरत होत्या.

"वैनी, चपला हितंच काडा. कीर्तान हाय."

"मला माहीत आहे कीर्तन आहे. माझ्या नवऱ्याच्या छातीत आहे."

"मग तर काडाच की."

मी काढल्या.

खाटेपाशी रांग होती. शेजारच्या खाटेवरच्या पेशंटची बायको, मग रक्त काढायला येणारा पोऱ्या, मग बाहेरून आलेली दोन-तीन कुटुंबं. एकेकाने वाकून यांच्या छातीला कान लावायचा, थोडं ऐकायचं, छातीला हात लावून नमस्कार करायचा आणि पुढे व्हायचं. हे सगळ्यांना सरकून जागा करून देत होते. श्वासाची शीळ आता दाराबाहेर ऐकू येत होती.

"काय गळा हो," शेजारची बाई मला म्हणाली. "मी तुमचंही ऐकलंय सांगलीला, गणपतीत. तुमच्यासारखाच आहे. पण जरा..."

"जरा काय?"

"नाही, छानच आहे तुमचाही."

"जरा काय ते सांगा ना."

"मोकळा," ती म्हणाली आणि नवऱ्याला मोसंबी सोलून द्यायला लागली.

रांग संपल्यावर मी स्टूल ओढून बसले. "दिसायला कशी आहे?"

"मला काय माहीत? पाठमोरी आहे."

"नाव?"

"कीर्तन चालू असताना नाव विचारू मी?" बोलता बोलता त्यांना थांबावं लागलं. शीळ वाजली, खांदे वर गेले, परत खाली आले. "साथीदाराला पाठच दिसते, कुमुद. तुझीही इतकी वर्षं पाठच बघितली."

"आणि पाठीवर भाळलात?"

"आख्यानावर," ते म्हणाले. "असं आख्यान मी ऐकलेलं नाही."

हे मला झोंबलं. गळा देव देतो, तो उतरतोही. पण आख्यानं मी मिळवलेली आहेत. जुन्या बुवांच्या पायाशी बसून, पाणी भरून, शिव्या खाऊन. या पंचक्रोशीत मला ठाऊक नसलेलं आख्यान नाही.

"सांगा बघू कुठलं."

त्यांनी तुकड्या-तुकड्याने सांगितलं. एक नावाडी होता. उत्सवाच्या दिवशी नदीपलीकडच्या देवळात सगळ्या गावाला तो नेऊन सोडायचा. शेवटची खेप पोचेपर्यंत आरती झालेली असायची आणि पहिले लोक परतायला घाटावर उभे असायचे. त्यामुळे त्याने देव कधी पाहिलाच नव्हता. असं करता करता म्हातारा झाला. मग एका वर्षी सगळे परतल्यावर देव स्वतः घाट उतरून आला. म्हणाला, मला पलीकडे ने. नावाड्याने नाव काठाला लावली. देवाने एक पाय नावेत ठेवला.

"मग?"

"एक पाय नावेत, एक पायरीवर. तिथे आलीय ती."

मला हे आख्यान ठाऊक नव्हतं.

---

दुसऱ्या दिवशी मी नऊवारी नेसून गेले. उपरणं घेतलं, कपाळाला बुक्का लावला, पिशवीत झांज टाकली. बोळातून जाताना बसलेल्यांपैकी कोणी नमस्कार केला नाही. उपरणं घालून निघालेल्या कीर्तनकाराला वडीलमाणसंसुद्धा वाकून नमस्कार करतात, तशी रीत आहे. या बसलेल्या लोकांनी नुसते गुडघे जवळ ओढले.

खाटेच्या पायाशी मी उभी राहिले. अक्काताईंनी हौसेने खाली चादर घातली. मी झांज वाजवली आणि नमन धरलं. काळी पाचमध्ये.

पहिली ओळ निघाली. दुसऱ्या ओळीला वरच्या षड्जावर गळा फाटला. कापड टरकावल्यासारखा आवाज वॉर्डभर झाला. शेजारच्या खाटेवरच्या माणसाने दयेने टाळी वाजवली. मी खाली आले, पांढरी पाचवर, आणि तिथून गात राहिले, आणि त्यांच्या बोटांकडे बघत राहिले. बोटं चादरीवर चालत होती. पण माझ्या ओळीच्या जागी ती थांबत होती आणि मी श्वास घेतला की चालत होती.

"अहो, मी इथे गातेय."

"ऐकतोय गं."

"मग वाजवा."

"तिचं आख्यान ऐन जागेवर आहे. साथ मध्येच कशी सोडू?"

"आणि माझी सोडलीत ती?"

बोलण्याइतका वारा जमा व्हायला त्यांना वेळ लागत होता.

"तुझी कुठे सोडली," ते म्हणाले. "तू मागे वळून बघितलंस की मी आहेच."

मी कधी मागे वळून पाहिलं नव्हतं. कीर्तनकार श्रोत्यांकडे पाठ करत नाही.

तेवढ्यात आत मध्यंतर झालं. गजर सुरू झाला तो मला कान न लावता ऐकू आला. टाळ्यांनी त्यांची छाती उडायला लागली. मग त्यांना खोकला आला, मोठा, आणि मी रुमाल धरला. रुमालात झेंडूच्या पाकळ्या आल्या, लाल भिजलेल्या.

डॉक्टर मोमीन धावत आल्या, पाकळ्या पाहिल्या. "रक्त पडायला लागलं. उद्यावर नको, आजच करू."

मी रुमाल घडी करून कमरेला खोचला. मध्यंतरात यजमान कीर्तनकाराला हार घालतात, आणि सभेत दुसरा कीर्तनकार बसला असेल तर त्यालाही घालतात. एवढासा का होईना, घालतात. मी तिथे उपरणं घालून उभी होते. माझ्यापर्यंत आल्या त्या तिच्या हारातून गळलेल्या पाकळ्या.

---

डॉक्टरांनी मला आत घेतलं. "कोणीतरी त्यांच्या ओळखीचं असलेलं बरं," त्या म्हणाल्या. मी हिरवा झगा घालून पडद्यासमोर उभी राहिले. हे भूल घेऊन झोपले होते, मान मागे, तोंडातून लोखंडी नळी आत गेलेली. उजव्या हाताची बोटं तेवढी जागी होती.

पडद्यावर आधी गुलाबी बोगदा आला. त्याच्या भिंतीला कड्या होत्या, मांडवाच्या कमानीसारख्या. मग उजेड दिसला. समया लावल्या होत्या. दुर्बीण पुढे सरकली आणि मला ती दिसली, पाठमोरी.

कीर्तन मी आयुष्यभर समोरून ऐकलं आहे किंवा स्वतः केलं आहे. मागून कधी पाहिलं नव्हतं. मागून फार थोडं दिसतं. कासोट्याची घडी. पदर कमरेला खोचल्यामुळे पडलेली चुणी. मानेवर सुटलेले केस, घामाने चिकटलेले. ताल धरणारी टाच, भेगाळलेली. ती टाच उचलली की पुढचा शब्द येणार, हे मला एवढ्यात कळायला लागलं. मी माझ्या टाचा आठवायचा प्रयत्न केला. मला आठवेनात.

"फार सुंदर सांगते," डॉक्टर मोमीन म्हणाल्या, आणि पुढच्या रांगेतल्या एका टोपीवाल्याला गोठवलं.

तो बसल्या बसल्या वर आला. ट्रेमध्ये पडला तेव्हा वालाच्या दाण्याएवढा, तांबूस होता आणि अजून मांडीवर ताल धरत होता. मग दुसरा, मग एक बाई. कोणी आरडाओरडा केला नाही. रक्त आलं तेव्हा डॉक्टरांनी हात थांबवला, थंड पाणी सोडलं, वाट पाहिली.

"किडनीची माणसं रक्ताने भरलेली असतात. फार ओढायचं नाही."

"तिला उचला," मी म्हटलं.

"कोणाला?"

"गादीवर उभी आहे तिला."

डॉक्टरांनी पडद्याकडे निरखून पाहिलं. "तिच्यापर्यंत माझा हात पोचत नाही, काकू. मी फक्त श्रोत्यांची डॉक्टर आहे."

मग त्यांनी सिलिकॉनची नळी घडी करून आत नेली आणि सोडली. ती फटकन उघडली. श्रोते दोन्ही बाजूंच्या भिंतींशी दाबले गेले, पण उठले नाहीत. नळीतून वारा गेला, शीळ थांबली. यांच्या ओठांचा निळा रंग उतरला. मी त्यांचे पाय धरले आणि देवाचं नाव घेतलं. त्या क्षणी मला कोणाचाही राग नव्हता.

भुलीतून उठल्यावर त्यांनी डोळे उघडले, मला ओळखलं, हसले.

"कसं वाटतंय?"

"मोकळं." मग म्हणाले, "देवाने दुसरा पाय टाकला का?"

"मला काय ठाऊक," मी म्हटलं आणि त्यांच्या तोंडाला चमचा लावला.

---

बोळातही आता एक पांढुरकी नळी आली होती. तिच्यातून वाकून चाललं की खाटेपर्यंत पोचता येत होतं. काही दिवस बरे गेले. हे उठून बसले, मऊभात खाल्ला, अक्काताईंच्या नातीला बोटं कशी ठेवायची ते चादरीवर शिकवलं. मी त्यांना म्हटलं, घरी गेल्यावर पेटीची पट्टी पांढरी पाचवर लावून ठेवा. ते "हो" म्हणाले. बोटं काळी पाचवरच होती.

मग एका दुपारी मी नळीत शिरले आणि तोंडाशीच तीन बायका बसलेल्या. "जरा सरकता का?" मी म्हटलं. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. पलीकडच्या टोकालाही माणसं होती. शीळ परत आली होती.

डॉक्टर मोमीन खिडकीपाशी उभ्या होत्या.

"नळीच्या टोकांवर येऊन बसतात. हे होणारच होतं, मी तुम्हाला फसवत नाही. आणखी एकदा साफ करता येईल, पण भिंत आता नाजूक झाली आहे. आणि आख्यान संपत नाही तोवर येणारे येतच राहणार." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आरती कोण म्हणतं, काकू?"

"ज्याचं कीर्तन त्यानेच म्हणायची."

"पण तबक? तबक यजमान आणतो ना? आजोबांबरोबर मी देवळात बसायचे. आख्यान कितीही रंगलेलं असू दे, लावलेलं तबक समोर आलं की बुवा आवरतं घ्यायचे."

"घ्यावंच लागतं," मी म्हटलं. "लावलेलं तबक तिष्ठत ठेवत नाहीत."

"हे यजमान तुमचेच ना?" त्या यांच्या खाटेकडे बघत म्हणाल्या. "आरती झाली की श्रोते उठतील. सगळे उठतील. मग नळी पुरेल. काकांचे अजून बरेच दिवस निघतील."

मी तबक आणलं. पितळेचं, माझ्या लग्नातलं. निरांजन, कापूर, फुलं, अक्षता. यांचा श्वास वाचावा म्हणून मी निघाले होते, हे खरं आहे. पण तिचं आख्यान ऐन जागेवर माझ्या हाताने तुटणार, तिला गिळलेला शब्द घेऊन आरती म्हणावी लागणार, या विचाराने मला जो उत्साह आला होता तोही खराच होता. मी उपरणं नीट केलं.

"जपून जा वैनी," अक्काताई म्हणाल्या. "हितनं फुडं वाकूनच जावं लागतंय."

नळीत मी गुडघ्यांवर आले. एका हातात तबक, दुसरा हात भिंतीला. भिंत कोमट होती. हे श्वास घ्यायचे तेव्हा ज्योत माझ्यापुढे वाकायची, सोडायचे तेव्हा माझ्याकडे वळायची. पदराचा आडोसा करून मी पुढे सरकत राहिले. दोन्ही बाजूंना गुडघे होते, गुडघ्यांवर हात होते. नळी संपली तिथे खाट नव्हती, मी आतल्या मांडवात उभी राहिले, समोरच्या बाजूला, बायकांच्या पहिल्या रांगेपाशी.

"या कुमुदताई," कोणीतरी हळू आवाजात म्हणालं. "तुमची जागा धरून ठेवली आहे." सतरंजीचा एक चौकोन मोकळा होता.

मी बसले नाही. तबक पुढे धरून उभी राहिले.

तिने झांज थांबवली. तिने तबक पाहिलं होतं. सगळ्या मांडवात कुजबुज झाली, कोणी गुडघा मोकळा केला, कोणी टोपी सारखी केली, मागे एका बाईने मुलाला उचलून कडेवर घेतलं. उठायच्या आधी श्रोते जे करतात ते सगळं त्यांनी सुरू केलं. फक्त आरतीचा पहिला शब्द यायचा होता.

मी तिचं तोंड पाहिलं नाही. तिच्या खांद्यावरून मला हे दिसले.

हे पेटीवर होते. भाता डाव्या हातात अर्धा उघडा, उजवा हात काळी पाचवर थांबलेला. मला कायम वाटायचं की हे डोळे मिटून वाजवतात. डोळे उघडे होते. भुवया वर, ओठ किंचित विलगलेले, आणि न आलेल्या शब्दाचं हसू आधीच चेहऱ्यावर येऊन थांबलेलं. गादीवर उभ्या असलेल्या पाठीकडे ते अशा नजरेने पाहत होते की मला तिथे माझं उपरणं टोचायला लागलं. हे तोंड घेऊन ते इतकी वर्षं माझ्या मागे बसले होते.

ते माझ्याकडे पाहत नव्हते. त्यांनी तिच्या पाठीला विचारलं, "पुढे?"

मी खाली बसले. तबक मांडीवर घेतलं आणि निरांजनासमोर हात धरला, उजेड त्यांच्या डोळ्यांवर जाऊ नये म्हणून. श्रोत्यांनी परत मांड्या घातल्या. तिची टाच उचलली गेली, झांज वाजली, यांची बोटं चालू झाली.

"तर देवाचा एक पाय नावेत," ती म्हणाली, "आणि एक पायरीवर."

माझ्या तळव्यामागे ज्योत यांच्या श्वासाबरोबर थोडी पुढे वाकली, थोडी माझ्याकडे वळली. मग आणखी थोडी कमी. मग सरळ उभी राहिली. मी त्यांच्या चेहऱ्यावरून नजर काढली नाही.

मागून कोणीतरी माझ्या खांद्याला हात लावला. "ताई, जरा पुढे सरकून घ्या. अजून माणसं येतायत."

मी सरकले.